आप्पांचा जोडफोटो

“मावशी, अजून एक तास द्या,” मी फोनवर म्हणाले.

“पोरी, आप्पा सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालायलेत,” चाकूरहून शकुंतलामावशी दबक्या आवाजात बोलत होत्या. “त्यांचा डावा डोळा चाललाय. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नसते म्हणाले डॉक्टर. लवकर कर.”

मी नांदेडच्या एका फोटो स्टुडिओत काम करते. सकाळी कॉलेज, दुपारनंतर स्कॅनिंग आणि प्रिंटिंग. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे एखादी गोष्ट येत नाही हे सांगायला मला जड जातं. आणि हे काम मला येत नव्हतं.

मावशी आमच्या स्टुडिओच्या गिऱ्हाईक, आप्पा म्हणजे त्यांचे वडील. तरुणपणी लातूरला त्यांचा स्टुडिओ होता. दोन लेन्स एका लाकडी पेटीत शेजारी बसवून त्यांनी स्वतःचा कॅमेरा बनवला. त्याने एकाच वेळी दोन फोटो निघत, दोन डोळ्यांमध्ये असतं तेवढ्या अंतराने. मग ते बघायला सागवानी दुर्बीण बनवली. तिच्यातून पाहिलं की दोन फोटोंचा एक होतो आणि त्यात खोली दिसते. जवळचं जवळ, लांबचं लांब. आमच्या भागात तेव्हा हे कुणी करत नव्हतं. हाताखाली सुतार ठेवून त्यांनी छोटा कारखाना काढला, या दुर्बिणी बनवल्या, शाळांना आणि जत्रांत विकल्या. घरोघरी टीव्ही आला आणि कारखाना बंद पडला. शेवटच्या फिल्मवर त्यांनी बायकोचा फोटो काढला होता. तो छापायचा राहूनच गेला. आजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. डोळा जायच्या आत आप्पांना तो एकदा बघायचा होता.

मी फिल्म स्कॅन केली, प्रिंट काढली, मावशींनी दिलेल्या दुर्बिणीत लावली. बघितलं. आजी दारापुढे उभ्या, हात पुढे केलेला. पण हात आत भिंतीत गेलेला आणि भिंतच पुढे आलेली.

“दोन्ही फोटो तर सारखेच हायेत. दे पाठवून,” मालक म्हणाले.

“भाऊ, उलटं दिसतंय.”

“म्हाताऱ्याला काय कळतंय त्यातलं?”

“त्यांनीच तर बनवलंय ते.”

मालक चहा प्यायला गेले. मी धीर करून आप्पांनाच फोन लावला.

“मधून कापलीस का?” त्यांनी विचारलं.

“कापायचं?”

“मग! लेन्स चित्र उलटं पाडती. सरळ करायला गेलं की डावा फोटो उजवीकडं जातो. काप, अदलाबदल कर, चिकटव. कॉलेजात काय शिकवायलेत तुला?”

मी कापलं. बाजू बदलून चिकटवलं. पुन्हा दुर्बिणीत लावलं, तर आजींचा हात सरळ माझ्याकडे आला.

कुरिअरवर भरवसा वाटेना. लातूरची एसटी धरली. चाकूर येईपर्यंत पाकीट किती वेळा उघडून बघितलं कुणास ठाऊक.

आप्पा फाटकातच उभे होते. दुर्बीण डोळ्यांना लावली. फोटो पुढे सरकवला, मागे घेतला. धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या. परत लावली.

“एकच दिसायलाय,” ते म्हणाले. “उजवा. डाव्यात नुसतं धुकं हाय.”

“आप्पा, मी मोठी प्रिंट काढून आणते.”

“मोठ्या प्रिंटनं डोळा येतोय व्हय?”

त्यांनी दुर्बीण मावशींच्या हातात दिली. “शकू, तू बघ. काय जवळ हाय?”

“आईचा हात. बोटांना पीठ लागलंय. फोटो नका काढू म्हणायलीय जणू.”

“हाव, तसंच म्हणत होती. मागं?”

“दार. लई मागं.”

“मग बरोबर बसलाय.” त्यांनी स्वतःचा हात हवेत पुढे केला. “हात कुठं आलाय? इथं?”

“थोडं अलीकडं.”

त्यांनी हात अलीकडे घेतला.

“आता?”

“हाव. तिथंच.”

हात तसाच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

आता कुणी जुनी फिल्म घेऊन आलं की साइझ मी नंतर विचारते. फोटो कोण बघणार आहे आणि त्यांना किती घाई आहे, ते आधी विचारते.