पोर्टेबल डीचं बारसं

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या त्या शाळेत पांढरीपांडे हे आडनाव एकाही जिभेला पेललं नाही, म्हणून शैलजा सगळ्यांची मिस शैलजा झाली. शाळा अर्धा दिवस चिनी भाषेतून शिकवायची आणि अर्धा दिवस इंग्रजीतून. शैलजाला चिनीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचं काम इंग्रजी वाचनात मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसण्याचं, तेही मुख्य इमारतीत नाही, तर मैदानाच्या टोकाला आणून ठेवलेल्या एका पत्र्याच्या खोलीत. कागदोपत्री तिचं नाव पोर्टेबल डी. तात्पुरती म्हणून आणलेली ही खोली अकरा वर्षं तिथेच ठाण मांडून होती.

मुलांना तिथे जायची लाज वाटायची. रुही नऊ वर्षांची, पुण्याहून आलेल्या आयटीवाल्या जोडप्याची मुलगी. ती भर बर्फात बुटाची लेस सोडायची, पुन्हा बांधायची आणि मैदान रिकामं झालं की मगच खोलीकडे धूम ठोकायची. शैलजा हे रोज खिडकीतून बघायची.

शाळेला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा मुख्याध्यापिका मिस फान यांनी ठरवलं की इमारतींची ए, बी, सी ही नावं काढून प्राचीन चिनी साहित्यातल्या कल्पनांवरून नावं द्यायची. मोठ्या इमारतीला नाव मिळालं जुन्याची उजळणी करता करता नवं उमगण्याचं. दुसरीला माणुसकीचं. जिमला पाण्याचं, कारण पाणी सगळ्यांच्या उपयोगी पडतं आणि स्वतः खालच्या जागी राहतं. जिमचं छत दर पावसात गळायचंच, त्यामुळे त्या नावाला कोणी हरकत घेतली नाही. डीला मात्र काहीच नाही. तात्पुरत्या खोलीला कसलं आलंय नाव!

हे शैलजाला झोंबलं. ती नागपूरची. तिच्याकडे माणूस दोन खोल्यांचं घर बांधतो आणि प्लास्टर व्हायच्या आधी फाटकावर 'श्रमसाफल्य' रंगवून घेतो. नाव नसलेल्या घरात राहायचं म्हणजे काय! समितीने वाटलेली चाळीस कल्पनांची यादी तिने घरी नेली, आणि चहा गार होईपर्यंत वाचत बसली. सत्तावीस नंबरवर तिचं बोट थांबलं. मोठं भांडं घडायला वेळ लागतो, ते उशिरा पुरं होतं. वाचून तिचे डोळे भरून आले.

त्याला कारण होतं. लग्न करून इथे आली तेव्हा ती बी.एड. होती, चार वर्षं शाळेत शिकवलेली. पण मोरेश्वरच्या व्हिसावर बायकोला नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड आज येईल, उद्या येईल करत सोळा वर्षं गेली. तेवढ्यात मुलगा ईशान हायस्कूलला पोचला. शाळेचं ओळखपत्र पहिल्यांदा गळ्यात पडलं तेव्हा शैलजा एकोणपन्नासची होती. त्या दिवशी ती पार्किंगमध्ये गाडीत बसून मनसोक्त रडली होती.

तिने हेच नाव डीसाठी सुचवलं. समिती म्हणाली, पालकांचा पाठिंबा दाखवा. शैलजाने संक्रांत गाठली. तिच्या हळदीकुंकवाला गावातल्या सगळ्या मराठी बायका येत, आणि दरवर्षी तेच वाण, कधी डब्या, कधी वाट्या. यंदा तिने पेन लुटले.

"तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि ह्याच पेनाने इथे सही करा," ती दारातच सांगत होती.

"अगं, हे हळदीकुंकू आहे की इलेक्शन?" मोरेश्वर स्वयंपाकघरातून म्हणाला.

"तुम्ही कॉफीकडे बघा. उतू जाईल."

बायका हसल्या, पण एकीनेही सही टाळली नाही. तिची मैत्रीण हिमानी हिने तर कागद घरी नेऊन आपल्या चिनी शेजारणींच्या सह्या आणल्या. फेब्रुवारीत मिस फान यांनी तिला बोलावून सांगितलं की शाळेच्या संचालक मंडळाची मंगळवारी सहा वाजता मीटिंग आहे, सगळे अनुकूल आहेत, आता फक्त हात वर करायचे बाकी. शैलजा हवेतच चालत खोलीवर आली.

मंगळवारी दुपारी तिने मुलांना बातमी सांगितली, नावाचा अर्थ सांगितला आणि रंगीत कागद वाटले. मुलांनी भांडी काढली, एकाने तर प्रेशर कुकर काढला. रुहीचा कागद कोरा होता.

"काय गं, नाव नाही आवडलं?" शैलजाने तिच्याजवळ खुर्ची ओढली.

"इट विल बी ऑन द डोअर?"

"हो तर! मोठ्या अक्षरात."

"सो एव्हरीबडी विल नो वी आर लेट."

"अगं, उशिरा, पण मोठं! ते महत्त्वाचं."

रुहीने खडू खाली ठेवला. मराठी घरातल्या बाईशी बोलताना ती मिस म्हणायचं विसरायची. "आय ॲम नाइन, मावशी. व्हॉट ॲम आय लेट फॉर?"

सोळा वर्षं जिने वाट पाहिली ती बाई या खोलीत एकच होती, आणि ती नऊ वर्षांची नव्हती. आपलं दुःख आपण किती प्रेमाने पोरांच्या दारावर ठोकायला निघालो होतो, हे कळलं तेव्हा तिला स्वतःचीच शरम वाटली.

संध्याकाळी सभागृहात हिमानीसकट पाच-सहा बायका टाळ्या वाजवायला येऊन बसल्या होत्या. शैलजाला बोलायला तीन मिनिटं होती. ती उभी राहिली आणि म्हणाली की तिला हे नाव मागे घ्यायचं आहे.

"यार, हे काय?" मागून हिमानीचा आवाज आला.

"मिस शैलजा, तुमच्याकडे दोनशेहून जास्त सह्या आहेत," मिस फान गोंधळून म्हणाल्या.

"आहेत. त्या सगळ्यांची माफी मागते." ती उभीच राहिली. "नाव नको. आम्हाला मोठ्या इमारतीत एक खोली द्या. कितीही लहान चालेल."

कुजबुज झाली. शेवटी मिस फान म्हणाल्या की ऑफिसशेजारच्या खोलीत जुने प्रोजेक्टर पडलेत, ते एप्रिलपर्यंत हलवता येतील. मंडळाने मान्य केलं. हिमानी मात्र हाताची घडी घालून बसली होती, आणि ते शैलजाला चांगलंच लागलं.

इतिवृत्त लिहिणाऱ्या तरुण कारकुनाने मान वर केली. "प्रस्ताव मागे घेण्याचं कारण काय लिहू?"

"लिहा," शैलजा म्हणाली, "उशीर मला झाला होता. मुलांना अजून कशालाच झालेला नाही."