नापास हात

१९ जानेवारी. प्रशिक्षण केंद्रात शिकवणाऱ्या बाईंचं कपाट रिकामं करत होते. दोन ॲप्रन, टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली. दार दोनदा आपटलं. नीट लागत होतं, तरी आपटलं.

गरोदर बाईच्या पोटाला हात लावण्याआधी त्या तळवे खसाखसा चोळायच्या. मग विचारायच्या, “लावू का हात, बाई?” होकार आल्याशिवाय हात पुढे जायचा नाही. गडचिरोलीत नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात त्यांची हयात गेली, तीही वर्षावर्षाच्या कंत्राटावर. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. कामात पक्की, कागदात कच्ची.

एखादी मुलगी घाई करू लागली की बाई तिचं मनगट धरायच्या. “थंडा हाय हात तुहा. बर्फाच्या लादीवरून आली काय वं?”

मग यंत्र आलं. डोळ्यांवर जाड चष्मा, हातांत वायरींचे मोजे. चष्म्यात पोट दिसतं आणि मोजे बोटांना असे दाबतात, की आत बाळाचं डोकं लागल्यासारखं वाटतं. वस्तू चांगली आहे. मुलींना दहादा चुकता येतं, कुणाला दुखत नाही. पण वरून आदेश निघाला: शिकवणाऱ्यांनीही यावर परीक्षा द्यायची. नापास, तर कंत्राट बंद.

बाईंनी चष्मा चढवला. “लावू का हात, बाई?” उत्तर कुठून येणार? त्या थांबल्या. मग मोजे काढून तळवे चोळू लागल्या.

“मोजे घाला, वेळ चाललाय!” यंत्रवाला ओरडला.

“थांब ना भाऊ. ते बोलून नाई राह्यली. घाबरली असंन.”

मुली खिदळल्या. मीही हसले. वेळ संपला. ‘नापास’ छापलेल्या कागदावर परीक्षक म्हणून सही मी केली. म्हटलं, नियम आहे.

“बरं हाय, म्याडम,” एवढंच त्या बोलल्या आणि गावी निघून गेल्या.

कपाट आवरायच्या आदल्या दिवशी, त्याच यंत्रावर पहिली आलेली मुलगी वॉर्डात एका आठव्या महिन्यातल्या बाईजवळ गेली आणि न बोलता पोट चाचपू लागली. ती गरोदर बाई किंचाळली, “ढोर हाय का मी? काऊन दाबून राह्यली?”

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिचा काय दोष? चीड आली ती माझ्याच सहीची.

कपाट आवरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे वीस तारखेला, पत्र लिहिलं: निकालावरची माझी सही चुकीची, बाईंचं कंत्राट चालू ठेवा. साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि प्रत घेऊन एसटीनं मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेले.

बाई अंगणात धान पाखडत होत्या. त्यांनी प्रत शेवटपर्यंत वाचली.

“आता काऊन, म्याडम? तवा तं हासल्या तुमी.”

कागद खाटेवर ठेवून त्यांनी सूप उचललं. परतीची एसटी दुपारी होती. तोवर मी उभीच होते. बसा, असं त्या म्हणाल्या नाहीत.