वांग्याच्या वाफ्यातले ठिपकेवाले

केशवनगरात आता आकाश बघायचं तर मान मागे टाकावी लागते. चहूबाजूंनी टॉवर उठले आणि मधोमध मैनाबाईंचा वीस गुंठ्यांचा तुकडा कवळीत एकच खरा दात राहावा तसा राहिला. त्यात वांगी. दरवर्षी वांगीच.

नवरा खडकीच्या कारखान्यात नोकरीला, त्यामुळे शेत पहिल्यापासून बाईंचंच. मैनाबाई बारावी शिकून सून म्हणून आल्या, त्यामुळे वस्तीतल्या बायका सुरुवातीला त्यांना बिचकून असायच्या. पाठीवर औषधाचा पंप बांधून त्या वांग्यांतून फिरताना दिसल्या आणि बिचकणं संपलं. नवरा वारला, तरी पंप पाठीवरच राहिला. अळी दिसो न दिसो, फवारणी ठरलेली. "औषध मारलं की डोकं लावावं लागत नाही," असं मैनाबाई म्हणायच्या.

डोकं लावायची वेळ सुनेमुळे आली. दीपालीला दिवस गेले. घराच्या खिडक्या सगळ्या शेताकडे उघडणाऱ्या. पहिल्याच फवारणीच्या दिवशी ती उलट्या करून पांढरीफटक पडली. मैनाबाईंनी पंप धुतला, माळ्यावर टाकला आणि सांगून टाकलं, की बाळ होईस्तोवर या शेतात औषधाची बाटली उघडणार नाही.

"छान," त्यांचा मुलगा समर्थ म्हणाला. तो खराडीतल्या एका कंपनीत कामाला होता आणि मोजकंच बोलायचा. "मग वांगी किडे खातील आणि आपण त्यांच्याकडे बघत बसू."

त्याच्या बोलण्याला कारण होतं. कंपन्यांच्या बसचा ठेका घेणारे श्यामशेठ जागेसाठी मागे लागले होते. सपाट करायचं, खडी टाकायची, रात्रीच्या बस लावायच्या. समर्थला ते पटलं होतं. आईचे गुडघे, बायकोची अवस्था, स्वतःची नोकरी, या सगळ्याला तो एकच उत्तर म्हणायचा. शेवटी मायलेकांत ठरलं ते चंपाषष्ठीवर. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग वांग्याला तोंड लावतात. आदल्या दोन दिवसांत मैनाबाईंच्या दारात भरताच्या वांग्यांसाठी रांग लागायची. यंदा त्या वेळी धड तोडा निघाला तर शेत राहणार. नाही निघाला तर बस उभ्या राहणार.

मैनाबाईंनी लोणी काळभोरला भावाला फोन लावला. सोनबा फ्लॉवर-कोबी करायचा आणि दोन वर्षांपासून औषध जवळजवळ सोडल्याचं सांगत फिरायचा.

"आगं सोप्पं हाय," सोनबा म्हणाला. "बांधाला चवळी लाव, मधनं मधनं झेंडू. कोथिंबीर, बडीशेप उपटू नको, फुलू दे. फुलांवर चांगले किडे येत्यात, ते वाईट किड्यांला खात्यात."

"चांगले कुठले आणि वाईट कुठले, ते कसं कळायचं?"

"ठिपकेवाले दिसले का हात लावायचा न्हाई. लाल-पिवळी पाठ आन् वर काळे ठिपके. ते आपले. बाकी तू काळजीच करू नको."

काळजी करू नको असं म्हटलं, की मैनाबाईंना जास्त काळजी वाटायची. तरी गणपतीत लावलेल्या वांग्यांच्या कडेने त्यांनी चवळी टोकली, झेंडूच्या ओळी घातल्या आणि कोथिंबीर मुद्दाम म्हातारी होऊ दिली. जन्मात कधी कोथिंबीर फुलावर जाऊ दिली नव्हती. ती पांढरी छत्री पाहिली की त्यांना लाज वाटायची. येणारेजाणारे म्हणणार, मैनाबाई थकल्या.

येणारेजाणारे तसं म्हणाले नाहीत. ते फुलं तोडायला लागले. टॉवरमधल्या बायका सकाळी फिरायला निघायच्या आणि कुंपणातून हात आत घालायच्या.

"अहो काकू, देवाला हवीत. चारच घेते."

देवाला म्हटल्यावर नाही म्हणायची मैनाबाईंच्या घरात रीत नव्हती. पण कोणी चारवर थांबत नव्हतं. समर्थने एका रविवारी पुठ्ठ्यावर पाटी रंगवली आणि कुंपणाला बांधली: 'ही फुले किड्यांसाठी राखीव आहेत. आपण किडा असल्यास अवश्य तोडावीत.' दीपाली हसून हसून पोट धरून बसली. बायका मात्र समर्थशी बोलेनाशा झाल्या. तोड थांबली.

मग चवळीवर मावा पडला. शेंड्यांना काळी मखमल चिकटल्यासारखा. मैनाबाईंचा हात सवयीने माळ्याकडे गेला. भावाला फोन केला, तर तो खूश. "पडू दे! ते त्यांचं जेवण हाय. जेवणच न्हाई तर पाहुणे कशाला येत्यात?" आपणच किडा पोसायचा आणि त्याला खायला दुसरा किडा बोलवायचा, हे काही बाईंच्या डोक्यात शिरेना. पण आठवड्याभरात चवळीवर ठिपकेवाले आले, गोल, चकचकीत, लालबुंद. मैनाबाईंनी दीपालीला हात धरून बांधावर नेलं. त्यानंतर वांग्यांच्या पानांवरही ठिपकेवाले दिसू लागले आणि त्यांचा जीव खरोखर भांड्यात पडला.

तो फार दिवस तिथे राहिला नाही. वांग्याची पानं जाळीदार व्हायला लागली. आधी खालची, मग मधली. हिरवा भाग खरवडून नुसत्या शिरा ठेवलेल्या. पानामागे पिवळ्या, काटेरी, गुबगुबीत अळ्या. आणि त्यांच्या शेजारी ठिपकेवाले, राखणदारासारखे बसलेले.

"राखण कसली करतायत हे?" मैनाबाई भावावर ओरडल्या. "अळ्या मांडीला मांडी लावून बसल्यात त्यांच्या!"

"अजून भूक लागली नसंल," सोनबा म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

दीपालीने फोटो काढून मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी मित्र म्हटलं, दुसऱ्या ठिकाणी शत्रू, तिसऱ्या ठिकाणी फोटो नीट काढा म्हटलं. समर्थ जेवताना म्हणाला, "आई, श्यामशेठ विचारत होते, खडी कधी टाकू." मैनाबाईंनी त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली. त्यांना राग आला की त्या असंच करायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत चवळीवरचा ठिपकेवाला, दुसरीत वांग्यावरचा. दोन्हींत वांग्याचं पान आणि माव्याने भरलेला चवळीचा शेंडा ठेवला, तोंडाला फडकं बांधलं आणि ओट्यावर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत चवळीवाल्याने मावा साफ केला होता, पानाला शिवला नव्हता. वांग्यावाल्याने पानाची जाळी केली होती, आणि मावा त्याच्या समोर सुखाने नांदत होता. मग जवळ नेऊन पाहिलं. एकाची पाठ तेल लावल्यासारखी चमकत होती. दुसऱ्याची मळकट, वर बारीक लव, आणि ठिपके मोजवत नाहीत इतके.

सोनबा स्वतः बघायला आला. त्याने दोन्ही बरण्या उचलून उजेडात धरल्या.

"माझ्या फ्लॉवरवर हा दुसरा कधी आलाच न्हाई गं," तो म्हणाला.

"फ्लॉवरवर कशाला येईल? त्याला वांगं आवडतं. आणि मी त्याला महिनाभर पाहुणचार केला."

सोनबाने चहाही नको म्हटला.

मैनाबाई बादलीत साबणाचं पाणी घेऊन वांग्यांत उतरल्या. मळकट भुंगा दिसला की बादलीत. पिवळी अंडी असलेलं पान, अळी असलेलं पान, बादलीत. काही पानांवर अळ्या मेल्यासारख्या चिकटून बसल्या होत्या, फुगलेल्या, तपकिरी, वाळलेल्या. त्याही बादलीत. हात स्वच्छ चालला की डोकं शांत होतं, आणि दोन दिवस त्यांचं डोकं शांत होतं.

तिसऱ्या दिवशी दीपालीने हाक मारली. मैनाबाईंनी वांग्यावाल्या बरणीतलं पान बदललं, तेव्हा नव्या पानाबरोबर तसली एक तपकिरी अळी आत गेली होती. तिच्या पाठीला टाचणीने टोचावं तशी भोकं पडली होती, आणि फडक्याच्या आतल्या बाजूने मोहरीच्या दाण्याहून लहान काळ्या माश्या फिरत होत्या.

"आई, या तिच्या पोटातून आल्यात. म्हणजे यांनीच तिला मारलं. या आपल्या असणार. फुलांवर येत असतील."

मैनाबाईंनी खिडकीतून अंगणातल्या बादलीकडे पाहिलं. त्यात तसल्या किती तपकिरी अळ्या बुडवल्या होत्या याचा हिशेब लागणं शक्य नव्हतं. शत्रू समजून बुडवलेल्या अळीच्या पोटात आपलीच माणसं होती. त्याआधी आपलं समजून शत्रूला खाऊ घातलं होतं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांना एकदम पंप पाठीवर असतानाचे दिवस आठवले. तेव्हा कोणाला ओळखायची गरज नव्हती. सगळेच मरत होते.

"काय गं करू आता? तोडू का नको तोडू?"

"पिवळ्या तोडा, तपकिरी ठेवा," दीपाली म्हणाली, आणि मग स्वतःच गोंधळली. "पण पिवळीच्या पोटातही आत्ता त्या असतील तर?"

शेवटी मैनाबाईंनी घरापुढच्या ओळींतल्या पिवळ्या अळ्या वेचल्या आणि रस्त्याकडच्या ओळींना हातच लावला नाही. मग रोज दोन्हीकडे जाऊन बघायच्या, आणि रोज वेगळ्याच बाजूची पानं बरी वाटायची. मधे थंडी पडली. अळ्या कमी झाल्या. माश्यांनी कमी केल्या, हातांनी कमी केल्या, का थंडीने, कोणास ठाऊक.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी तोडा निघाला. दरवर्षीसारखा नाही. निम्म्याहून थोडा जास्त असेल. काही वांगी तुकतुकीत, टपोरी, आणि काहींना शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या वेगळ्याच एका अळीची भोकं, जिचा तर अजून विचारच झाला नव्हता. दारात रांग लागली. पाटीवरून रुसलेल्या टॉवरमधल्या दोघी-तिघीही आल्या. एकीने भोक पडलेलं वांगं बाजूला काढलं, तेव्हा दुसरी म्हणाली, "घ्या हो, यात औषध नाही, किडा आपल्याआधी चव घेऊन गेलाय." संध्याकाळपर्यंत टोपल्या रिकाम्या झाल्या.

भरीत-भाकरी झाल्यावर समर्थने मोबाइल पुढ्यात ठेवला. "श्यामशेठना आज सांगतो म्हटलंय. आई, खरं सांग. जमलं का नाही?"

मैनाबाईंनी विचार केला. जमलं म्हणावं तर अर्धी वांगी गेली होती. नाही म्हणावं तर औषधाचा थेंब न मारता रांग लागली होती.

"मला माहीत नाही रे."

"माहीत नाही, तर अजून एक हंगाम घालवायचा?"

"माहीत असतं तर कशाला घालवला असता?" मैनाबाई म्हणाल्या. "जमणार नाही हे कळलं, तर मी स्वतः तुझ्या शेठला खडी टाकायला सांगेन. पण अजून कळलेलंच नाही. ना त्या माश्यांचं, ना फुलांचं, ना माझं. आता उन्हाळ्याची लागण करते. तेव्हा थंडी मधे पडायची नाही, म्हणजे अळ्या थंडीने गेल्या का माश्यांनी, तेवढं तरी सुटं होईल."

समर्थने बायकोकडे पाहिलं. दीपाली पोटावर हात ठेवून भरताचं शेवटचं बोट चाटत होती आणि त्याच्याकडे बघायला तयार नव्हती.

त्याने फोन लावला. पलीकडून शेठचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"नाही हो शेठ, नाही म्हणत नाहीये ती," समर्थ म्हणाला. "तिला अजून कळलेलं नाही, असं म्हणतेय." शेठने त्यालाही तेच विचारलं. "नाही, मलाही नाही कळलेलं. तुम्ही दुसरी जागा बघा."