आशाबाईंचं नाक

सोनाळ्याहून सातपुड्याच्या अंगाला निघालं की संत्र्यांच्या बागांमधून जाणारा एक रस्ता एका लहानशा गावात जाऊन संपतो. त्या गावात पिऊन येणाऱ्या माणसाला पोलिसांपेक्षा आशाबाईंच्या नाकाची भीती जास्त.

ते नाक त्यांच्या नवऱ्यानं घडवलं होतं. शंकरराव तसा भला माणूस. झाडाच्या कलमाला त्याचा हात लागला की कलम जगणारच, असं लोक म्हणत. पण दिवस कलला की त्याचे पाय देशीच्या दुकानाकडे वळायचे. तो फाटकात शिरला की चुलीपाशी बसलेल्या आशाबाईंना वासावरून सगळं कळे: किती प्याला आहे, आज रडणार की भांडणार, पोराला घरात ठेवायचं की शेजारी पाठवायचं. शेवटी कावीळ झाली, पोट फुगलं आणि शंकरराव गेला. तेरवी उरकली आणि आशाबाई घरोघर फिरल्या. बायकांच्या सह्या गोळा केल्या, दारूबंदीचं मतदान लावून घेतलं. उभी बाटली हरली, आडवी बाटली जिंकली आणि दुकानाला कुलूप लागलं.

तेव्हापासून एक रीत पडून गेली. एखादीला नवऱ्याचा संशय आला की ती त्याला धरून आशाबाईंच्या ओसरीवर आणायची. आशाबाई जवळ जाऊन वास घ्यायच्या आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणायच्या. त्यावर अपील नव्हतं. ‘हो’ म्हटल्यावर त्या माणसाला चार लोकांत मान खाली घालून जावं लागे. आशाबाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. नाक खोटं बोलत नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंही होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा कुलदीप अकोल्याला शेतकी शिकला आणि पुढे मातीचा अभ्यास करायला फ्रान्सला गेला. तिथंच क्लेअर नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. कागदावरचं लग्न तिकडे झालं, पण हळद आणि मांडव आपल्या दारात हवा म्हणून आशाबाईंनी हट्ट धरला. यंदाच्या माघात लग्न लागलं. क्लेअरला आई नव्हती. तिचे वडील एतिएन तेवढे आले. उंच, वाकलेले, सत्तरीचे. फ्रान्सचा माणूस म्हणजे कोणी साहेब असेल अशी गावाची कल्पना होती, पण त्यांच्या हाताच्या भेगांत माती बसलेली होती. बोर्दो शहराच्या पलीकडे त्यांचा द्राक्षांचा लहानसा मळा होता.

लग्नाचे पाहुणे पांगल्यावर कुलदीप आईपाशी येऊन घुटमळला. ज्या वर्षी क्लेअर जन्मली, त्या वर्षीच्या द्राक्षांची काही वाइन एतिएननी तळघरात वेगळी काढून ठेवली होती. लेकीच्या लग्नात व्याह्यांसोबत प्यायची म्हणून. त्यातली एक बाटली ते स्वेटरमध्ये गुंडाळून इथवर घेऊन आले होते. तू फक्त ओठ लाव, एवढीच त्यांची इच्छा आहे, असं कुलदीप म्हणाला.

“माह्या घरात बाटली उघडाची?” आशाबाई म्हणाल्या. “तुह्या बापाच्या फोटोसमोर?”

कुलदीपनं पुन्हा विषय काढला नाही. सासऱ्याला त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण एतिएननी दोन्ही हात जोडून मान हलवली आणि ती बाटली आपल्या खोलीच्या कोपऱ्यात, थंड फरशीवर उभी करून ठेवली. झाडून काढताना आशाबाईंना ती रोज दिसे. त्या तिच्या भोवतीनं झाडू फिरवत.

एतिएनना घरात करमत नसे. ते सकाळीच बागेत जायचे. आशाबाई तिथं संत्री तोडणाऱ्या बायकांवर देखरेख करायला असायच्याच. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हातारा झाडाच्या बुडाशी वाकून मूठभर माती उचली, नाकाशी नेई आणि खुशीत मान डोलवी. मग आशाबाई संत्र्याचं पान चुरून त्याच्या नाकाशी धरत. एका सुकत चाललेल्या झाडापाशी तो बराच वेळ बसून राहिला, खोडावरून हात फिरवत. आशाबाई त्याच्याकडे बघत होत्या. शंकररावही असाच बसायचा. आपण या माणसाचा आहेर नाकारला, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. लेक पाळण्यात होती तेव्हापासून जपलेली वस्तू घेऊन माणूस दारात आला आणि आपण त्याला परत पाठवतो आहोत.

एतिएन जायच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, आशाबाईंनीच कुलदीपला बोलावलं. “बागेतल्या खोलीत घेऊन ये ते. घरात नाही. मी फक्त ओठ लावीन.”

खोलीत खताची पोती आणि संत्र्यांचे रिकामे क्रेट होते. क्लेअरनं चहाचे काचेचे गिलास धुऊन आणले. एतिएननी खिशातल्या चाकूच्या स्क्रूनं बूच काढलं, अगदी हळू, काटा काढावा तसं. बाटली न हलवता त्यांनी गिलासांत थोडी थोडी ओतली आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू दिला. आशाबाईंना वाटलं होतं, रक्तासारखी लाल असेल. ती भाजलेल्या विटेसारखी निघाली, काठाशी तर कातासारखी. प्यायची घाई नको, तिला जरा हवा लागू द्या, असं एतिएननी सांगितलं.

आशाबाईंनी मन घट्ट करून गिलास नाकाशी नेला. ओळखीचा भपकारा येणार म्हणून त्यांनी आधीच श्वास आखडता घेतला होता. तो भपकारा आला नाही. आधी जुनी लाकडी पेटी उघडल्यासारखा कोंडलेला वास आला. त्यांनी गिलास खाली ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला तर तो वास गेलेला होता.

काय वाटतं, असं व्याही विचारताहेत, कुलदीप म्हणाला.

“पाणी देल्यावर वावराचा येते, तसा,” आशाबाई म्हणाल्या. मग थांबून, “आता जांभुयाचा येऊन राह्यला. अन् मागून तंबाखूच्या पानाचा, वाळलेल्या.”

कुलदीपनं ते सांगितलं तसे एतिएन हसले आणि बराच वेळ बोलत राहिले. त्यांच्या मळ्यात दोन जातींची द्राक्षं होती. एकीचा रस कडक, तोंड आवळून टाकणारा. दुसरीचा मऊ, पण लवकर उतरून जाणारा. दोन्ही मिसळली तरी पहिली काही वर्षं त्यांचं आपसांत पटत नाही. अंधारात पडून पडून मग ती एकमेकांना सांभाळून घेतात. आपलं आणि बायकोचंही असंच होतं, पण तिला तेवढी वर्षं मिळाली नाहीत, असं ते शेवटी म्हणाले. क्लेअरनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आशाबाईंनी ओठ लावले. जीभ आधी तुरट झाली, हिरडा चघळल्यासारखी. मग तो तुरटपणा विरघळला आणि मागे एक गोडवा राहिला, खूप दूरचा. तो जाईना. त्या त्याच्या मागे मागे गेल्या. तो संपला तेव्हा त्यांनी आपणहून गिलास पुढे केला.

पहिला घोट पाहुण्यासाठी होता. दुसऱ्याला असं काही कारण नव्हतं.

घरी परतताना त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. ती ऊब त्यांच्या ओळखीची होती. पिऊन आल्यावर शंकररावाचे कान असेच तापलेले असत. उशीवर त्याचं डोकं सरळ करताना हाताला लागत. आशाबाई स्वतःची समजूत घालू लागल्या: ते देशी, हे द्राक्षाचं, तो शिशीनं प्यायचा, आपण दोन घोट. पण वास फिरत फिरत गेला तेव्हा सगळ्यात तळाशी तीच दारू होती, हे त्यांच्या नाकानं बरोबर ओळखलं होतं. इतकी वर्षं एकत्र राहून आपण शंकररावाला एकदाही विचारलं नाही, तुला त्यात काय मिळतं म्हणून. आज विचारायला तो नव्हता. त्यांनी लवंग चघळली, संत्र्याची साल चावली, दोनदा चूळ भरली.

त्याच संध्याकाळी घरी बायकांची बैठक होती. रस्त्यावरच्या एका जागेत बिअर बार काढायला कोणीतरी परवानगी मागितली होती, आणि ग्रामसभेत त्याविरुद्ध ठराव आणायचा होता. आशाबाई पदर तोंडाशी धरून जरा मागे बसल्या. सर्दी झाली म्हणाल्या. बोलणं चालू असतानाच पुष्पांजली नवऱ्याला, ज्ञानेश्वरला, दंडाला धरून ओसरीवर घेऊन आली. पुष्पांजली म्हणजे आशाबाईंचा उजवा हात. ज्ञानेश्वर पूर्वी पीत असे. दिवाळीपासून त्यानं सोडली होती आणि आशाबाईंच्याच बागेत फवारणीला येत होता. आज तो कुणाच्या तरी जीपमधून उशिरा उतरला, आणि त्या जीपमधले सगळे प्यालेले होते.

“काकू, वास घ्या याचा,” पुष्पांजली म्हणाली. “म्हणते, मी नाही पेलो.”

बायका वाट बघत होत्या. आशाबाई उठल्या. ज्ञानेश्वरच्या जवळ गेल्या, पदर थोडा बाजूला केला आणि श्वास घेतला. वास आला. पण तो त्याचा होता की आपलाच श्वास परत येत होता, हे त्यांना कळेना. आयुष्यात पहिल्यांदा नाकानं काही सांगितलं नाही. त्यांना म्हणता आलं असतं की आज सर्दी आहे, आज नको. सर्दीचं तर त्या आधीच बोलल्या होत्या. पण सगळ्या जणी तोंडाकडे बघत होत्या, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, “हो.”

ज्ञानेश्वरनं मान वर केली. तो त्यांच्या अगदी समोर होता, हातभर अंतरावर. त्याच्या नाकपुड्या किंचित हलल्या. त्याच्या डोळ्यांत आधी नवल आलं, मग ते विझलं. तो वळला आणि पायऱ्या उतरून गेला. पुष्पांजली तिथंच पायरीवर बसून रडू लागली. बायका तिला समजावत राहिल्या. आशाबाईंना तिच्याजवळ जाऊन बसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी एतिएन गेले. गाडीत बसताना त्यांनी आशाबाईंचे दोन्ही हात धरले. आशाबाईंनी त्यांना संत्र्यांची करंडी दिली, पण त्यांच्याकडे नीट बघितलं नाही. ज्ञानेश्वर फवारणीला आला नव्हता. आशाबाई दिवसभर बागेत इकडून तिकडे फिरल्या आणि शेवटी त्याच्या घराच्या मागच्या वावरात गेल्या. तो हरभरा उपटत होता. त्यांना बघून उभा राहिला.

“तू काल पेला होतास?” आशाबाईंनी विचारलं.

“नाही जी.”

“मंग बोलला काऊन नाही? तुले तर समजलं होतं.”

त्यानं हातातली हरभऱ्याची पेंढी खाली ठेवली. “काकू, मी म्हटलं असतं का वास तुमचा हाय, तं कोणं आयकलं असतं?”

तो रागानं बोलला नव्हता. पाऊस नाही, पीक हलकं आहे, असं सांगावं तसं बोलला. आशाबाई बांधावर बसल्या. आजवर आपण किती जणांना ‘हो’ म्हटलं, आणि त्यातल्या कितींचं कोणी ऐकून घेतलं, हे त्या आठवू लागल्या, पण चेहरे आठवेनात. खाली घातलेल्या मानाच तेवढ्या आठवत होत्या.

त्या तशाच पुष्पांजलीकडे गेल्या आणि तिला सगळं सांगितलं. पुष्पांजलीनं ऐकून घेतलं. रात्री आपण नवऱ्याला ताट वाढलं नाही, पोरांसमोर नाही नाही ते बोललो, एवढंच ती म्हणाली आणि आत निघून गेली. पुढचे काही दिवस ती आशाबाईंकडे फिरकली नाही.

ग्रामसभेच्या आधी बायका पुन्हा जमल्या, तेव्हा मात्र ती आली, दाराजवळ बसली. आशाबाईंनी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. खोलीतली बाटली, दोन घोट, ज्ञानेश्वरवर घेतलेला खोटा आळ, काही लपवलं नाही. यापुढे मी कुणाचा वास घेणार नाही, म्हणाल्या. दोघीतिघी उठून गेल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. सरस्वतीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईचे दोन मुलगे दारूनं गेले होते. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, “कशी लागली व माय?”

कडू होती म्हणावं, असं आशाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. तसं म्हटलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. सरस्वतीबाईला तर फारच.

“साजरी लागली,” आशाबाई म्हणाल्या.

 सरस्वतीबाई जमिनीकडे बघत राहिली. मग दाराजवळून पुष्पांजलीचा आवाज आला. “मंग तं तो बार अजूनच बंद करावा लागते, काकू.” आणि ती पुढे येऊन बसली.

ग्रामसभेत ठराव पुष्पांजलीनं मांडला आणि तो मंजूर झाला. आशाबाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनी इतरांसारखा हात वर केला. ज्ञानेश्वर पुन्हा बागेत येऊ लागला. तो पूर्वीसारखाच “काकू, पंप कुठं ठेवू?” म्हणून विचारतो. आशाबाई उत्तर देतात, पण देताना नजर झाडांकडे ठेवतात. फ्रान्सहून फोनवर कुलदीप म्हणतो, आई, मनाला लावून घेऊ नको, दोन घोटांचं काय एवढं. ज्ञानेश्वरचं आता निस्तरलं, हे त्यांनाही कळतं. पण संध्याकाळी बागेला पाणी सोडलं आणि ओल्या मातीचा वास वर आला की जिभेच्या मागे तो दूरचा गोडवा हलतो. त्या तो हाकलत नाहीत. थोडा वेळ तशाच उभ्या राहतात, मग शरमून पाणी दुसऱ्या सरीकडे वळवतात.