आबांच्या मापाची काठी

आमच्या शेडमध्ये किस्से लाकडाच्या भुशासारखे साठतात. आज झाडून काढले तरी उद्या तेवढेच. फक्त हल्ली सांगताना हसू कमी येतं, संताप जास्त.

नाना माझे चुलते. मुठीवर बैल, पोपट, नाग कोरलेल्या काठ्या ते बनवतात, पॉलिश माझं. गिऱ्हाइकानं चपलेसकट उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मग नाना मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेणार. मापाशिवाय ते लाकडाला हात लावत नाहीत.

पुण्याहून एक बाई आल्या. फार्महाऊसच्या हॉलसाठी डझनभर काठ्या हव्या होत्या. नानांनी टेप काढली.

"अहो, त्या भिंतीवर लावायच्यात," बाई म्हणाल्या.

"भिंतीचं गुडघं दुखत्यात व्हय?"

ऑर्डर गेली.

खंडाळ्याचे एक रिटायर हवालदार काठी घेऊन गेले आणि महिन्याभरानं तीच टेकत चहाला आले. मुठीवरच्या नागाला प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड. म्हणे पॉलिश जाईल. नानांनी पिशवी टराटरा फाडली. "पाय जपायला घेतली का नाग जपायला?" हवालदारांनी रबरबँड उचलून खिशात घातला.

इथपर्यंत ठीक. पण इस्लामपूरचे ते साहेब! वडिलांसाठी काठी हवी म्हणाले. आबा चांगले उंचेपुरे. नाना घरी जाऊन माप घेऊन आले. शिसवी लाकडावर बैलजोडी कोरली, अख्खा पावसाळा त्यात गेला. पुढे साहेबांच्या ऑफिसात गेलो, तर काठी काचेच्या पेटीत, वर लाइट. आणि घरी आबा भिंत धरून चालतायत!

मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "अरे, टेकवली की झिजते. आर्ट आहे ते."

त्याच वर्षी आबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन उठले, पण भिंत काही सुटली नाही. काठीवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता. माझं डोकं आजही फिरतं.

परवा विश्रामबागेत नानांचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे तेच साहेब. शाल, नारळ झालं आणि त्यांनी ती पेटीच पुढे केली. "ही दुर्मिळ कला मी कलाकाराच्याच हाती सोपवतो." टाळ्या पडल्या.

नानांनी पेटी उघडली, काठी बाहेर काढून टेकवली. मूठ त्यांच्या कोपराला लागली. तशीच धरून ते माइकपाशी गेले.

"ही आबांच्या मापाची हाय. आबा कुठं हायत?"

साहेब हसले, मग हसायचे थांबले.

नाना पायऱ्या उतरून माझ्याजवळ आले. रिकामी पेटी स्टेजवरच राहिली.

"गाडी आबांकडं घे रं."