घोळाण्याची मेथी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, उंद्रीला माहेरीही नाही. तुम्हाला सांगते — गोष्ट मेथीची आहे, हसू नका.

लग्न होऊन चिखलीला आले तेव्हा मला धड काही येत नव्हतं. मेथी मात्र यायची. फुटक्या घमेल्यात माती, रात्रभर भिजवलेले दाणे, वरून मातीचा पातळ थर, सकाळी शिंपडलेलं पाणी — त्यात कसलं आलंय कौतुक? पण थंडीत सासूबाई गच्चीवर उन्हाला बसायच्या. मी कोवळी मेथी खुडायचे. कांदा, शेंगदाण्याचा कूट, थोडं कच्चं तेल घालून घोळाणा करायचे. गरम भाकरीसोबत तो खाताना त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, हिच्या हाताले लागते — म्हणजे हिनं पेरलं की उगवतंच. काय दिवस होते ते!

मग धाकटी जाऊ आली, साखरखेर्ड्याची पुष्पा. स्वयंपाक, शिवण, बोलणं — सगळ्यात माझ्यापेक्षा उजवी. सासूबाईंच्या तोंडी तिचंच नाव. मी जळायचे. काही वर्षांनी एका थंडीत तिनं हौसेनं माझ्याकडे मेथीचं बी मागितलं. एवढी एकच गोष्ट माझी होती — तीही हिला द्यायची?

लिंबाच्या लोणच्यासाठी मी मेथी नुकतीच शेकून ठेवली होती. मंद आचेवर, रंगसुद्धा फारसा बदलला नव्हता. त्यातलीच मूठभर तिच्या ओंजळीत घातली.

पुष्पा रोज उठून घमेलं बघायची. माती तशीच. तिला तोवर मूल नव्हतं, बाया कुजबुजायच्या. मला वाटलं, थोडी खट्टू होईल, झालं. पण एका सकाळी ती घमेल्याशी बसून हळूच म्हणाली, "माया हातानं काहीच उगवत नाही वो, बाई."

तिला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं नाही का? कळलं. तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "सगळ्याइच्याच हाताले थोडीच लागते."

पुष्पाला पुढेही मूल झालं नाही. तिनं कसलंच बियाणं पुन्हा हातात धरलं नाही — ते माझ्यामुळे.

आता सासूबाई नाहीत. आम्ही दोघीही म्हाताऱ्या होत आलो. यंदाही तिनं माती चाळली, घमेलं भरलं आणि मला हाक मारली. मी दाणे पसरायला वाकले तशी ती बाजूला सरकली — आपली सावली मातीवर पडू नये म्हणून. दरवर्षी सरकते. मी दाणे पसरत राहिले.