तीन दिवसांचा पाहुणा

साखर पेठेतल्या आमच्या खोलीचं भाडं माणशी होतं. नळाला सकाळी तासभर पाणी, सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच संडास, त्यामुळे मालकीणबाई डोकी मोजून भाडं घेत. मी एका सूतव्यापाऱ्याकडे नवा कारकून, नुकतंच लग्न झालेलं. "दोघंच," मी ठणकावून सांगितलं. पाहुणा तीन दिवस चालेल, चौथ्या दिवसापासून त्याचंही भाडं, हे त्यांनीही तितकंच ठणकावलं.

पुढं अण्णा, म्हणजे माझे वडील, मंद्रूपहून डोळे दाखवायला आले. सरकारी दवाखान्यात फेऱ्या किती, कुणी सांगेना. आई गेल्यापासून गावी ते एकटेच भाकरी थापून खात होते. मला त्यांना कायमचंच ठेवून घ्यायचं होतं. पण तिसऱ्या माणसाचं भाडं पगारात बसेना.

मग मी अक्कल पाजळली. दर तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मालकीणबाईंना 'येतो' म्हणून पिशवी घेऊन निघायचं, दिवसभर एसटी स्टँडवर बसायचं आणि संध्याकाळी नव्यानं पाहुणा म्हणून यायचं, म्हणजे तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून. कपडे खोलीतल्या दोरीवरच. पिशवीत नुसता जुना पेपर कोंबलेला.

"व्हय, त्यात काय," अण्णा म्हणाले. "गावाकडं बी बसूनच असतो की."

ते निवांत. जीव टांगणीला माझा. पेढीवर बेरजा चुकायच्या. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून दार लोटायचो. बायको म्हणायची, "सांगून टाका एकदाचं." मी तिच्यावरच खेकसायचो.

महिनाभर असं चाललं. बायको माहेरी माळशिरसला गेली होती, तेव्हाची गोष्ट. कामावरून येऊन मी पायरीवरच अण्णांची वाट बघत बसलो. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. धावत स्टँडवर गेलो, सगळी बाकं पाहिली. परत आलो तर मालकीणबाई दारात.

"अण्णा गावाला गेले तुमचे. सकाळी मी म्हटलं त्यांना, रिकामी पिशवी घेऊन किती दिवस हिंडता? ऱ्हावा की हितं. भाडं वाढवत न्हाई मी. तर हात जोडले त्यांनी. म्हणाले, तुमाला कळलंय ते पोराला सांगू नका, लाजंल त्यो."

त्यांनी जीभ चावली. "न्हाई सांगणार, असं कबूल केलं होतं बघा मी."

मी वर गेलो. दोरीवर अण्णांचं धोतर नव्हतं. पिशवीतला तो चुरगळलेला पेपर हातानं सारखा करून, घडी घालून, त्यांनी माझ्या उशाशी ठेवला होता.